बहिणाबाईंची फुरसत

संसार आणि शेतीवाडी यांच्या रगाड्यांत सांपडलेल्या माणसाकडून काव्याची अपेक्षा करणें व्यर्थ होय, असा समज सुशिक्षितांत पुष्कळ रूढ आहे. त्याला उत्तर म्हणून खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचें नांव हटकून पुढें केलें जातें. आणि ‘कष्टांतून सहज उमललेलें काव्य’ एवढें म्हणून बहुतेक रसिक थांबतात. प्रस्तुत लेखकास हें उत्तर अपुरें वाटतें. ‘सहज’ या शब्दापाशीं टीकेचें काम संपत नाहीं, तेथून तें सुरू होतें. हें काव्य रचण्यास या बाईंना वेळ मिळाला कोठून, आणि त्या वेळेच्या स्वरूपाचा काव्याच्या घडणीवर परिणाम काय झाला, हा खरा प्रश्न आहे.

बहिणाबाई जळगावजवळच्या असोदे गांवच्या. तेराव्या वर्षीं लग्न, तिशीच्या सुमारास वैधव्य, पदरीं तीन मुलें, आणि जन्मभर शेत, गोठा व चूल. लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांच्या मुखांतून आलेलें जें टिपून ठेवलें गेलें, तें मुख्यतः पुत्र सोपानदेव यांच्यामुळें. ते स्वतः कवि होते. ‘बहिणाबाईंची गाणी’ हें पुस्तक आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ सालीं निघालें, तेव्हां तें पाहण्यास कवयित्री हयात नव्हत्या.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात निबंधांत, लिहूं इच्छिणाऱ्या स्त्रीला सालीना पांचशें पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, असें प्रतिपादन केलें. त्याच निबंधांत त्यांनीं आणखी एक मार्मिक विचार मांडला आहे. घरच्या बैठकीच्या खोलींत, पदोपदीं व्यत्यय येत असतां, कविता किंवा नाटक लिहिण्यापेक्षां कादंबरी लिहिणें सोपें. कारण तिला एकाग्रता कमी लागते. बहिणाबाईंचा दाखला याच्या नेमका उलट पडतो. असें कां व्हावें? वुल्फबाईंच्या नजरेसमोर लेखणी धरलेला हात आहे. जात्याच्या खुंट्याला हात गुंतला कीं लेखन बंद पडतें; गळा मात्र मोकळा राहतो. दळणाला बळ लागतें, पण मन पुरतें लागत नाहीं. शिवाय जात्याचा फेरा लय आपण होऊन पुरवितो. ओवी ही या लयीवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली. ती बहिणाबाईंना घरांतच सांपडली.

आतां घडणीकडे पाहूं. मनावरचें त्यांचें गाणें घ्या. मन कधीं पिकांत शिरणाऱ्या ओढाळ गुराप्रमाणें, कधीं वाऱ्याप्रमाणें. एका कडव्यांत एक प्रतिमा, आणि कडवें आपल्यापुरतें पूर्ण. सुपांतले दाणे सरले, मूल रडलें, गाय हंबरली, तर गाणें तेथेंच सोडावें आणि दुसऱ्या पहाटे पुढची ओवी जोडावी. सांधा दिसत नाहीं. तुटक वेळेला इतका सोयीचा दुसरा घाट आम्हांस आठवत नाहीं. त्याची मर्यादाही येथेंच आहे. कित्येक गाण्यांत कडव्यांचा क्रम बदलला तरी कांहीं बिघडत नाहीं. एका टोकाकडे चढत जाणारी रचना क्वचितच आढळते. हा प्रतिभेचा दोष नव्हे, ही त्या फुरसतीची खूण आहे.

परंतु या व्यवस्थेची किंमत केवढी, हें गौरवाच्या भरांत विसरलें जातें. गळ्यांतलें गाणें ऐकणारा पाठ फिरवील तर संपतें. बहिणाबाईंच्या घरीं टिपून घेणारा निघाला. ज्या घरीं तो नव्हता, तेथील किती ओव्या पिठाबरोबर सांडून गेल्या, त्यांची मोजदाद कोण करणार? म्हणून ‘बहिणाबाईंना कोठें खोली होती?’ असा प्रश्न करून, शेतांत राबून लिहूं पाहणाऱ्या आजच्या स्त्रीला जे गप्प करतात, ते या काव्याचा दुरुपयोग करतात.

जातें आतां बहुतेक घरांतून गेलें, गिरणी आली. दंडाचे कष्ट वांचले, हें उत्तमच झालें. त्याबद्दल हळहळणें हा शहरी रसिकांचा चोचला होय. पण हात गुंतलेले आणि मन मोकळें, असे जे पहाटेचे दोन तास होते, तेही गेले, आणि त्यांच्या जागीं दुसरीं कामें आलीं. आज तिला लेखणी येते. लेखणीला मात्र मोकळा हात लागतो. २०१८ सालीं जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचें नांव दिलें गेलें, तें योग्यच झालें. तथापि ज्याच्या घरीं अशी एखादी लिहिणारी आहे, त्यानें द्यावयाची पहिली दाद निराळी आहे. तिच्या वांट्याचें दळण त्यानें गिरणीवरून स्वतः आणावें.