कालमर्यादेचा अंक आणि त्याचे प्रामाण्य

पीपीसीबूटमधून २००२ साली पुढे आलेल्या यू-बूट ह्या बूटलोडरात फ्रीस्केलच्या प्रोसेसरांसाठी आय-टू-सी बसचा एक ड्रायव्हर आहे. त्यात दोन कालमर्यादा स्वतंत्र नावांनी आढळतात : दुसऱ्या नियंत्रकाने बस मोकळी करावी म्हणून १,००,००० मायक्रोसेकंद, आणि वाचन वा लेखन पुरे व्हावे म्हणून १०,०००. हा नामभेद प्रशंसनीय होय. बस अडलेली असणे आणि उपकरणाचे काम न उरकणे ह्या भिन्न घटना आहेत. पुष्कळ ड्रायव्हरांत त्या ‘टाइमआउट’ ह्या एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. एककाचा निर्देशही तितकाच मोलाचा. नुसते फेरे मोजणाऱ्या ड्रायव्हरात ‘१०००’ ह्या अंकाला काळाचा अर्थच नसतो. कॅश चालू होताच तोच अंक पूर्वीहून अल्प काळ दर्शवू लागतो. (शब्द तोच राहून अर्थ पालटण्याचा प्रकार भाषेत शतके घेतो, येथे त्यास एक आज्ञा पुरते.)

तथापि हे अंक कोठून आले, ह्याविषयी तेथील टीप मौन पाळते. बोर्डाच्या हेडर फाइलने स्वतःचा अंक न दिल्यास सर्वसाधारण अंक घ्यावा, एवढेच ती सांगते. १०० किलोहर्ट्झ वेगाने एका बाइटास पोचेच्या बिटासह नऊ स्पंदने, म्हणजे ९० मायक्रोसेकंद लागतात. त्या मानाने १०,००० हा अंक शंभरपटीहून अधिक, म्हणून उदार भासतो. परंतु फिलिप्सने निर्मिलेल्या ह्या बसवर उपकरणास घड्याळाची तार खाली धरून नियंत्रकास थोपविण्याची मुभा आहे, आणि मूळ नियमांत तिला कमाल मर्यादाच नाही. एसएमबसने ती घातली; तरी एका संदेशात एकूण २५ मिलिसेकंदांपर्यंत सवलत ठेवली. म्हणजे एसएमबसच्या नियमाने निर्दोष असलेले उपकरण हा ड्रायव्हर १० मिलिसेकंदांतच निकामी ठरवू शकतो. रॅमच्या पट्टीची माहितीही बहुधा अशाच बसवरून वाचली जाते. तेथे वाचन अर्धवट सोडले गेले, तर यंत्र सुरूच होत नाही.

अंक दहापट करून टाकणे हा रूढ उपाय समाधानकारक नाही. ह्या अवस्थेत बूटलोडरास सोडविणारी दुसरी प्रणाली जागी नसते. वॉचडॉग नसल्यास अमर्याद वाट पाहणारे यंत्र मुकेच राहते. एसएमबसचे उपकरण असलेल्या बोर्डाच्या हेडर फाइलीत ३५,००० लिहून शेजारी ‘एसएमबसची कमाल मुदत, ३५ मिलिसेकंद’ अशी टीप दिली, तर पुढील दुरुस्तकास अंकासह त्याचे कारणही हाती येईल.