यथामूल पुनर्निर्मितीचा प्रश्न : जुन्या सिंथेसायझरांच्या निमित्ताने

पैठणी पारखणारी जुनी माणसे पदरावरील मोरांपाशी फार काळ रेंगाळत नाहीत. ती पदर उलटून पाहतात. हातमागावरील अस्सल विणीत नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच उतरते, तर यंत्रमागावरील नकलेच्या पाठीवर धाग्यांची मोकळी टोके दिसतात. छत्रपती संभाजीनगर व पैठण या परिसरातील ग्राहकाला ही कसोटी नव्याने शिकवावी लागत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत जुन्या अ‍ॅनलॉग सिंथेसायझरांच्या पुनर्निर्मितीवरून वादक आणि वाद्यनिर्माते यांच्यात जो वाद चालला आहे, त्यालाही ती लावून पाहण्याजोगी आहे.

वादाचे स्वरूप थोडक्यात असे. विद्युत्‌दाब कमीअधिक करून आंदोलकाच्या स्वराची उंची ठरवावयाची आणि त्यातून निघणारा नाद फिल्टरमधून गाळून त्यास हवा तो रंग द्यावयाचा, या तत्त्वावरील वाद्ये 1983 मध्ये यामाहाचे अंकीय डीएक्स-7 आल्यानंतर झपाट्याने मागे पडली. तीस वर्षांनी त्यांना पुन्हा मागणी आली. कोर्गने 1978 च्या आपल्या एमएस-20 ची लहान आवृत्ती 2013 मध्ये काढली आणि 2015 मध्ये दुसऱ्या कंपनीचे आर्प ओडिसी पुन्हा बाजारात आणले. 2016 मध्ये मूगचे मिनिमूग आणि 2020 मध्ये सीक्वेन्शियलचे प्रॉफेट-5 पुन्हा निघाले. वाद्य पुन्हा करावयाचेच तर ते मुळाबरहुकूम करावे, असा एक पक्ष. हा केवळ गतकाळाच्या ओढीचा व्यापार असून निर्मात्यांनी नवी वाद्ये घडवावीत, असा दुसरा. दुसऱ्या पक्षाच्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो विकणाऱ्याच्या हेतूविषयी बोलतो, वाद्याविषयी बोलत नाही. व्यापारी हेतूने कोणतेच वाद्य घडले नाही असे कधी झाले आहे काय?

पहिल्या पक्षाची अडचण अधिक खोल आहे. मुळाबरहुकूम म्हणजे कोणत्या मुळाबरहुकूम? ओडिसी 1972 ते 1981 या काळात निघत होते आणि तेवढ्या अवधीत त्याचा फिल्टर दोनदा बदलला. ज्याने पहिले ऐकले त्याचे ओडिसी निराळे, ज्याने अखेरचे ऐकले त्याचे निराळे. कोर्गने तिन्ही फिल्टर एकाच वाद्यात बसवून निवडीसाठी एक कळ ठेवली. यापूर्वी कोणत्याही एका ओडिसीत ही सोय नव्हती. तेव्हा तिन्ही रूपांशी एकदम प्रामाणिक राहू पाहणारे हे वाद्य त्यांपैकी कोणाचीच प्रत नव्हे. प्रॉफेटची कथा याहून बोलकी आहे. 1978 च्या पहिल्या वाद्यांत आंदोलक उष्णतेने सरकत आणि स्वर हलत. पुढच्या आवृत्तीत निराळ्या चकत्या वापरून हा दोष बराच आटोक्यात आला. 2020 च्या प्रॉफेटवर मात्र ही अस्थिरता हवी तेवढी वाढविण्यासाठी एक स्वतंत्र खुंटी दिलेली आहे. जो दोष घालविण्यासाठी अभियंत्यांनी परिश्रम घेतले, तोच आता गुण म्हणून मोजून घातला जातो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. तारेचा झणत्कार हाही शुद्ध नादाच्या हिशेबाने एक बिघाडच. पण तो गेला तर तंबोरा जातो.

दोषाचे हे माहात्म्य सर्वांत ठळकपणे दिसते ते रोलंडच्या टीआर-808 या तालयंत्रात. 1980 ते 1983 या काळात सुमारे बारा हजार नग निघालेल्या या यंत्रासाठी इकुतारो काकेहाशी यांनी सदोष ट्रान्झिस्टर हेतुतः विकत घेतले होते. यंत्राच्या नादातील विशिष्ट चरचर त्यांतून येई. अर्धवाहकांची घडण सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्राची निर्मिती थांबली. अशा यंत्राची यथामूल प्रत काढावयाची तर आधी जुन्या कारखान्यांचा गाफीलपणा पुन्हा निर्माण करावा लागेल!

शिवाय ही यंत्रे स्वतःच नकला होत्या. 808 ला ढोल-झांजांची जागा घ्यावयाची होती; तिचे भावंड टीबी-303 हे एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकास खर्जाची साथ पुरविण्यासाठी होते. दोन्हींची नक्कल फसली. 303 चा नाद बास गिटारसारखा मुळीच नव्हता आणि त्यात स्वरावली भरणे किचकट होते. 1984 पर्यंत ते बंद पडले आणि जुन्या मालाच्या दुकानात कवडीमोलाने मिळू लागले. शिकागोच्या तरुणांनी ते तेथून उचलून 1987 मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि एका नव्या नृत्यसंगीताचा पाया घातला. या शहराला असे उदाहरण अपरिचित नाही. हिमरू हे वस्त्र किनखाबाची नक्कल म्हणूनच जन्मले. 'सारखे दिसणारे' या अर्थाच्या फारसी शब्दावरून त्याचे नाव आले असे सांगतात. जरीच्या जागी सूत आणि रेशीम आले आणि त्यातून पोत, वजन, नक्षी सर्वच स्वतंत्र असलेले वस्त्र सिद्ध झाले. तथापि हिमरूने किनखाब हे नाव कधी घेतले नाही. नक्कल जेव्हा मुळाचे नाव लावून विकली जाते, तेव्हाच ती लबाडी ठरते.

या दृष्टीने रोलंडचे वर्तन लक्षणीय आहे. 2016 व 2017 मध्ये त्या कंपनीने काढलेली लहान यंत्रे दिसावयास जुन्यांसारखीच होती. पण आतील मंडले अ‍ॅनलॉग नसून त्यांच्या वर्तनाचे अंकीय गणित होते. म्हणजे पदर सुलट बाजूने हुबेहूब, उलट बाजूने निराळाच. परंतु नावे ठेवली ती टीबी-03 आणि टीआर-08. एकेक अंक गाळून कंपनीने बरेच खरे सांगितले, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. मूगने 2016 च्या मिनिमूगमध्ये जुन्या पद्धतीचे सुटे भाग हातांनी बसविले; उलट बाजूची कसोटी त्याने उत्तम रीतीने पार केली, आणि असे वाद्य कोणाही कुशल कारागिराला डाख देऊन दुरुस्त करता येते ही गोष्ट नादाइतकीच मोलाची आहे. किंमत मात्र साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. बेरिंगरने 2017 मध्ये त्याच मंडलाचे अनुकरण करून सुमारे एकदशांश किमतीचे वाद्य पुढे आणले. मूगच्या फिल्टरचे पेटंट 1969 चे. त्याची मुदत केव्हाच संपली होती, तेव्हा मंडल उचलण्यात अवैध असे काही नव्हते. अनुचित वाटते ते एवढेच की 'मॉडेल डी' हे नावही उचलले गेले. हिमरू विणणाऱ्यांनी जो संकोच पाळला तो येथे पाळला गेला नाही. तरीही ज्याच्या खिशात तीनशे डॉलरच आहेत त्याच्या हाती मूगचे मंडल पोहोचले ते या नकलेमुळे, हे नाकारता येत नाही. आणि वादकाच्या बाजूने विचार करणाऱ्या समीक्षेला नावाच्या औचित्यापेक्षा ही गोष्ट अधिक वजनदार मानावी लागेल.

तिचे वजन किती, हे मुंबईच्या एका ध्वनिमुद्रिकेवरून कळते. हिंदी चित्रपटसंगीतात अनेक वर्षे वादन केलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंडची ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही तीन वाद्ये एकत्र आणून दहा राग मुद्रित केले : भैरव, ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस इत्यादी. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पूर्वी पाच वर्षे, त्या संगीताशी कोणताही संबंध नसताना, जवळजवळ तसाच नाद येथे उमटला. 303 मध्ये दोन स्वरांना जोडणारी सरक आहे. दोन स्वरांत अंतर कितीही असो, ती ठरावीक वेळातच पुरी होते. तिला मींड म्हणता येणार नाही. मींडीला गायकाचा श्वास लागतो. परंतु ज्या पेटीला मींड नाही म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत दूर ठेवले, तिच्या तुलनेत हे यंत्र रागाच्या किती जवळ जाऊ शकते, हे सिंग यांनी यंत्र नवे असतानाच ओळखले होते. ध्वनिमुद्रिका त्या वेळी चालली नाही.

2010 मध्ये एका डच प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कोणी यथामूलतेचा वाद घातला नाही. घालण्याचे कारणही नव्हते. ध्वनिमुद्रिका ही बोलून झालेली गोष्ट आहे. ती जशी होती तशीच पुन्हा ऐकू यावी. वाद्य बोलून झालेले नसते. सिंग यांनी 303 वर दहा राग वाजविले. मारवा वाजविला नाही, पूरिया वाजविला नाही. सुमारे दहा हजार नगच निघालेले ते मूळ यंत्र आज संग्राहकांच्या काचेच्या कपाटात आहे, आणि तेथून त्यावर मारवा वाजण्याचा संभव नाही.