‘ठाऊक असणे’ म्हणजे काय? : एका जुन्या ग्रंथाचा पुनर्विचार

बार्नी ग्लेझर व अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचा ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रोग्यांभोवती काय घडते, याचा तो अभ्यास. त्याची कीर्ती मोठी; परंतु त्याच्यामागील तत्त्वविचाराकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही.

तो विचार म्हणजे फलप्रामाण्यवाद. कल्पनेचा अर्थ तिच्या संभाव्य परिणामांत शोधावा, हे त्याचे सूत्र. ड्यूई आणि मीड यांचा हा वारसा स्ट्रॉस यांना शिकागो विद्यापीठात लाभला. म्हणूनच ‘आपण मरणार हे रोग्याला ठाऊक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ते रोग्याच्या मनात शोधीत नाहीत. कोण काय बोलतो, कोण काय टाळतो, यात शोधतात. जाणिवेच्या त्यांनी चार अवस्था मानल्या : बंद, संशयाची, परस्पर बतावणीची आणि उघड. यांतील बतावणीचे विवेचन आम्हांस सर्वांत सरस वाटते. उभयतांना सत्य ठाऊक असते, तरी दोघेही ते नसल्यासारखे वागतात. एकाचा तोल गेलाच, तर दुसरा ते पाहिलेच नाही असे दाखवितो. आपल्याकडेही खोलीबाहेर डॉक्टरांना गाठून ‘त्यांना काही सांगू नका, धीर सोडतील’ असे विनवणारा मुलगा अनोळखी नाही.

त्या काळचे मौन अपवादात्मक नव्हते. १९६१ च्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याकडे होता. १९७९ साली तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे आढळला.

आमचा आक्षेप मात्र तत्त्वाशी निगडित आहे. परिणामांवरून पारख करायची, तर कोणाच्या परिणामांवरून? रोग्याला अंधारात ठेवल्याने वॉर्डातील काम बिनबोभाट चालते. त्या मापाने मौन ‘यशस्वी’च ठरेल. रोग्याला मात्र निरवानिरव करता येत नाही, निरोप घेता येत नाही. लेखक ही हानी नोंदवितात, पण दोन्ही परिणाम एकाच तराजूत घालून निवाडा करावयास कचरतात. निरीक्षकाचा संयम म्हणून हे एकवेळ समजते. फलप्रामाण्यवाद्याला ते शोभत नाही. ज्यूलिएट कॉर्बिन यांच्यासह स्ट्रॉस यांनी १९८८ साली दीर्घ आजारावर लिहिलेल्या ग्रंथात दृष्टी रुग्णालयातून घराकडे वळते, आणि शुश्रूषेचे ओझे वाहणारे पती-पत्नी तेथे अभ्यासाच्या केंद्रस्थानी येतात.