अवचटांची भटकंती आणि सुनंदाबाईंचा पगार

अनिल अवचटांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ आम्ही खाप्यात बसून वाचले. कन्हान नदीकाठचे हे गाव एकेकाळी हातमागावरच्या लुगड्यांसाठी ओळखले जाई. इथे मुलगा काय करतो या प्रश्नाला एका शब्दात उत्तर लागते. मागावर बसतो, दुकान पाहतो, मास्तर आहे. आज हे, उद्या ते करणाऱ्याला मोहल्ल्यात ‘निकम्मा’ म्हणतात.

त्या हिशेबाने अवचट निकम्मेच ठरले असते. ओतूरचा हा मुलगा पुण्यात एमबीबीएस झाला आणि दवाखान्यात न रमता बिहारच्या दुष्काळावर ‘पूर्णिया’ लिहून बसला. पुढे युक्रांद, पत्रकारिता, निपाणीच्या तंबाखू कामगार बायका. आमच्या वाचकांना त्यांचे ‘हमीद’ आठवेलच. हमीद दलवाईंशी ज्यांचे पटले नाही त्यांनीही ते वाचावे असे आम्हाला वाटते. मग ब्राउन शुगरच्या व्यसनावरचे ‘गर्द’ आले. त्या लेखनाने अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला धावले व 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले.

अवचटांची भाषा साधी, लहान वाक्यांची. व्यसनी माणसाला ते उपदेश करीत नाहीत, त्याच्याशेजारी बसतात. बऱ्या झालेल्या रुग्णालाच मुक्तांगणात कार्यकर्ता करून घेतले जाते, या पद्धतीतही ही शेजारी बसण्याची वृत्ती आहे. बातमीदाराची ऐकण्याची सवय इथे उपचाराला उपयोगी पडली. त्यांची भटकंती वाया गेली नाही ती अशी.

पण आमची एक तक्रार आहे, आणि ती लेखकापेक्षा त्याच्या चाहत्यांबद्दल अधिक आहे. बासरी, ओरिगामी, लाकडातली शिल्पे यांचे कौतुक करताना त्या भटकंतीमागे एक पगार उभा होता, हे विसरले जाते. तो डॉ. सुनंदा अवचटांचा. त्या येरवड्याला मनोविकारतज्ज्ञ होत्या. तू तुझे काम कर, घर मी पाहते, असा त्यांचा करार. अवचट हे लपवीत नाहीत, उलट कृतज्ञतेने सांगतात. तरी गोष्ट सांगणारा ‘मी’ इतका लोभस आहे की ‘मॅडम’ मागे राहतात. मुक्तांगणाची धुरा मात्र 1997 मध्ये कर्करोगाने जाईपर्यंत मॅडमनीच वाहिली. नंतर ती मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आली. अवचट 2022 साली गेले, केंद्र चालूच आहे.

कैरोत 1284 साली कलावूनच्या बीमारिस्तानात मनोरुग्णांवर इलाज होत असे, हे आपण अभिमानाने सांगतो. घरातला मुलगा नशेत गेला की मात्र तो ‘बाहेरगावी कामाला’ असतो. नशा हराम आहे हे सर्वांना पाठ आहे, पण ती आजारही आहे हे बोलायला जीभ रेटत नाही. आमच्या मराठी मुस्लिम आत्मकथनांत गरिबी आहे, दंगल आहे, तलाक आहे. मनाचा आजार आम्हाला क्वचितच भेटला.

ओळखीच्या एका विणकर घरात आम्ही हे पुस्तक दिले. त्या घरचा मुलगाही दोन वर्षे ‘बाहेरगावी’ होता. पुस्तक परत आणून दिले ते नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या त्याच्या बहिणीने. मॅडमच्या पानांचे कोपरे दुमडलेले होते.