भित्तिचित्र आणि वेषभूषाकाराचे स्मारक

रस्त्यावरील भिंतीवर थोर व्यक्तीचे चित्र काढून तिचा गौरव करण्याची प्रथा अलीकडे आपल्याकडे रुजली आहे. वांद्र्याच्या महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीवर २०१४ साली रंगविलेले दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र हे तिचे ठळक उदाहरण होय. सिनेमाच्या जाहिरातफलकांशी नाते सांगणारी ही रीत चित्रपटकर्त्यास शोभते. परंतु ती वेषभूषाकारास पुरेल काय?

कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया (राजोपाध्ये) यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जन्मगावी त्यांचे भित्तिचित्र काढावयाचे झाल्यास हाती सोनेरी पुतळी घेतलेला चेहराच प्रथम सुचेल. पण त्यायोगे गौरव पारितोषिकाचा होईल, कलेचा नव्हे.

'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. चित्रकाराने रेषेने केवळ सूचित केलेल्या वस्त्राला येथे शिवण, वजन आणि गती द्यावी लागली. 'गांधी'त बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास शब्दांवाचून व्यक्तिमत्त्वाचे परिवर्तन सांगतो. पात्रात विरून जाणे हेच वेषभूषाकाराचे यश.

चेहऱ्याविना वाटसरूस ओळख पटणार नाही, हा आक्षेप खरा. पण ते काम नावाची अक्षरेही करू शकतात. भिंतीवर चेहऱ्याहून वस्त्राला अधिक जागा मिळावी. भिंतीवरून वस्त्रात उतरलेली कला पुन्हा भिंतीवर आणणे, हेच तिचे यथार्थ स्मारक ठरेल.