खंडणी कुणी घेतली?

इथं भोकरदनमध्ये 'तारण' म्हटलं की आधी बँक आठवते, सातबारा आठवतो. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र याच शब्दानं उद्धार सांगतो. मराठी बायबलात तर येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा कैदी सोडवण्याच्या किमतीचा आहे. पण आपल्या कानाला खंडणी म्हटलं की प्रश्न पडतो, घेतली कुणी?

प्रश्न पोरकट नाही, बरं का. तिसऱ्या शतकात ओरिजेन म्हणाला, सैतानानं. अकराव्या शतकात अँसेल्मनं ते खोडलं. त्याचं म्हणणं, पापानं देवाचा मान हिरावला. ते देणं माणसाचं, पण फेडायची ताकद फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. तर्क चोख आहे. मला मात्र त्यात सावकाराची वही दिसते.

ही वही पंडिता रमाबाईंच्या अनुभवात बसत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी फुलहॅमला 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेलं घर पाहिलं. यांच्यावर एवढी दया का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. त्या गोष्टीत फेड नाही की खंडणी नाही. येशू तिचे पाच नवरे काढतो, पण 'पाप' हा शब्द उच्चारत नाही. उलट जिच्या लोकांशी ज्यू व्यवहार ठेवत नव्हते, तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. मराठवाड्यात याची फोड करून सांगायला नको.

त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण पुढं त्यांनी लिहिलं, की धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त काही वर्षांनी. आपण स्वतः पापी आहोत हे उमगल्यावर. सुधारकी चरित्रकार हा भाग गाळतात. ते चूक आहे. समाजानं कपाळावर मारलेला 'पापिणी'चा शिक्का वेगळा आणि स्वतःची कबुली वेगळी. सगळेच पापी म्हटल्यावर शास्त्रीबुवा आणि केडगावच्या कृपासदनातली बाई एकाच पंगतीत बसतात. हे या सिद्धांताचं मोठं बळ.

माझी अडचण पुढं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. काहींवर वाटेत काय गुदरलं असेल, सांगवत नाही. त्यांनाही आधी पापाची कबुली द्यायला सांगायचं? सोसलेल्या अन्यायासाठी पाप-तारणाच्या या मांडणीत मला जागा सापडत नाही. केडगावात ती होती: त्या मुलींना तिथं आधी जेवण मिळालं, मग अक्षरओळख, मग हाताला काम.