मदतपाठाचे व्याकरण : सामाईक रिपॉझिटरीतील सूचनालेखनाची चिकित्सा

समीक्षेच्या कक्षेत आपण ज्या लेखनाचा समावेश करतो, त्यात यंत्राबरोबर येणाऱ्या सूचनापाठांना सहसा स्थान नसते. काव्य, कथा, नाटक, फार तर शास्त्रीय निबंध, येथवर आपली दृष्टी पोहोचते. परंतु भाषाविज्ञानाचा आजचा विद्यार्थी एखाद्या सामाईक वाक्यसंग्रहाच्या वा शब्दसंग्रहाच्या कामाला लागतो, तेव्हा सर्वांत आधी जे गद्य त्याच्या डोळ्यांखालून जाते ते याच जातीचे असते. त्या गद्याने त्याला आत घेतले तर तो काम करू लागतो. न घेतले तर तो मुकाट्याने परत फिरतो, आणि त्याच्या परत फिरण्याची नोंद कोठेही होत नाही. ज्या लेखनाच्या गुणदोषांवर एवढे अवलंबून आहे, त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकाने करू नये तर कोणी करावी?

या लेखनाचे दोन प्रकार येथे विचारात घेतले आहेत. पहिला प्रकार मांडणी-टिपणाचा : काम सुरू करण्यापूर्वी आपला संगणक कसा सिद्ध करावा, हे ते सांगते. दुसरा मदतपाठाचा : कमांड-लाइनवर एखाद्या आज्ञेलाच ‘तू काय करतेस?’ असे विचारले असता ती जे उत्तर देते, तो पाठ. उदाहरणादाखल ‘गिट’ हे साधन घेतले आहे. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली ते रचले, आणि आज बहुसंख्य सामाईक रिपॉझिटऱ्या त्याच्याच आधाराने चालतात.

१

मदतपाठाची परंपरा गिटहून पुष्कळ जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्स पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेचा पाठ ठरावीक शीर्षकांखाली मांडावयाचा, हा संकेत तेथेच रूढ झाला : नाव, संक्षिप्त रूप, वर्णन, संबंधित फाइली, अन्यत्र पाहा, आणि या सर्वांबरोबर ‘दोष’ असेही एक शीर्षक. आपल्या कृतीतील उणिवा कृतीच्याच वर्णनात नोंदवावयाच्या, हा प्रामाणिकपणा आपल्या कोशांच्या प्रस्तावनांतही क्वचित् आढळतो.

या पाठांची रचना सूत्रग्रंथांच्या जवळची आहे. संक्षिप्त रूपाची ओळ हे सूत्र आणि वर्णन ही वृत्ती, असे म्हणण्यास हरकत नाही. चौकटी कंसात लिहिलेले ते वैकल्पिक, उभ्या रेघेने तोडलेल्यांपैकी एक घ्यावयाचे, तीन टिंबे म्हणजे पुनरावृत्ती, या परिभाषा एकदा आत्मसात केल्या की शेकडो आज्ञांची सूत्रे वाचता येतात. पण परिभाषा ठाऊक नसलेल्याला सूत्र मुके असते. मोल्सवर्थच्या कोशातील शब्दापुढची व्युत्पत्तिदर्शक अक्षरे ज्याला उलगडलेली नाहीत, त्याला नोंद दिसते पण शब्दाचे कुळ कळत नाही. तशीच येथील गत होते.

पहिल्या ओळीचे महत्त्वही ध्यानात घेतले पाहिजे. युनिक्स परंपरेत आज्ञेचे नाव आठवत नसेल तर विषयावरून शोध घेण्याची सोय आहे. पण तो शोध केवळ नाव व त्यापुढील एक-ओळी वर्णन यांतच घेतला जातो. ते वर्णन चुकले, तर पाठ कितीही विद्वत्तापूर्ण असो, शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो नाहीच.

२

गिटचे मदतपाठ विस्ताराने संपन्न आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रत्येक आज्ञेचा पाठ आहे, पारिभाषिक संज्ञांचा स्वतंत्र कोश आहे, आणि रोजच्या वापराचे एक छोटे मार्गदर्शकही आहे. त्या मार्गदर्शकात एकट्याने काम करणारा, इतरांबरोबर भाग घेणारा, सर्वांचे काम एकत्र करणारा आणि रिपॉझिटरीची व्यवस्था पाहणारा, असे चार अधिकारी कल्पून प्रत्येकाला लागतील तेवढ्याच आज्ञा दिल्या आहेत. अधिकारी ठरवून मग ग्रंथ लिहावा, हा आपल्याकडचा जुना दंडक. तो येथे यथार्थपणे पाळला गेला आहे.

दोष आहे तो शब्दयोजनेत. पुढील नोंदीसाठी निवडलेले बदल जेथे मांडून ठेवले जातात, त्या एकाच जागेला गिटच्या पाठांत ‘इंडेक्स’, ‘कॅश’ व ‘स्टेजिंग एरिया’ अशी तीन नावे आढळतात. समानार्थी शब्द साहित्यात शोभा आणतात. परिभाषेत ते शंका आणतात. कारण नावे भिन्न तर वस्तूही भिन्न असली पाहिजे, असे शास्त्रीय गद्याचा वाचक न्यायाने गृहीत धरतो. त्यात आणखी एक गुंता असा, की फरक दाखवणाऱ्या आज्ञेत ‘कॅश्ड’ व ‘स्टेज्ड’ हे पर्याय संपूर्णपणे एकार्थी आहेत. परंतु बदल लागू करणाऱ्या आज्ञेत ‘कॅश्ड’ आणि ‘इंडेक्स’ यांचे अर्थ निराळे होतात. पहिल्याने केवळ त्या मांडणीच्या जागेवर परिणाम होतो, दुसऱ्याने त्या जागेवर आणि प्रत्यक्ष फाइलींवरही. हा भेद मदतपाठातील एका स्वतंत्र प्रकरणात समजावून दिला आहे. तथापि जो भेद नावांनीच निर्माण केला, तो टीपेने निस्तरावा लागणे हे नामकरणाचे अपयशच होय.

याच्या उलट दोष अनेकार्थतेचा. ‘चेकआउट’ ही एकच आज्ञा एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जाण्यासाठी आणि फाइलीतील न नोंदलेले बदल टाकून पूर्वस्थिती आणण्यासाठीही वापरली जाई. पहिली क्रिया बहुधा निरुपद्रवी, दुसरीने दिवसाचे काम नाहीसे होऊ शकते. दोहोंचे नाव मात्र एक. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत ‘स्विच’ व ‘रिस्टोअर’ या दोन आज्ञा निर्माण करून हे अर्थ वेगळे करण्यात आले. जुनी आज्ञाही ठेवण्यात आली, कारण प्रचारातला शब्द फर्मानाने मरत नाही. परंतु जी मांडणी-टिपणे त्यापूर्वी लिहिली गेली आणि पुन्हा तपासली गेली नाहीत, ती नवागताला अजून जुन्याच वाटेने नेत आहेत.

३

विकल्पाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. नोंद करणाऱ्या आज्ञेच्या सूत्रात डझनावारी पर्याय चौकटी कंसांत येतात. नोंदीचा मजकूर जागच्या जागी देण्याचा पर्याय, जो सर्वांना रोज लागतो, आणि जुन्या नोंदीची दुरुस्ती मागाहून तीत मिसळण्याचा पर्याय, जो पुष्कळांना वर्षभरात लागत नाही, हे दोन्ही एकाच कंसात आणि एकाच पंक्तीला बसतात. कंस एवढेच सांगतो की हे नसले तरी चालेल. असलेले बरे की नसलेले बरे, याविषयी तो मौन पाळतो.

येथे पाणिनीची आठवण होणे अपरिहार्य आहे. अष्टाध्यायीत विकल्प दर्शवण्यासाठी ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द येतात व परंपरेने ते एकार्थी मानले आहेत. पॉल किपार्स्की यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ‘वा’ने अधिक इष्ट विकल्प, ‘विभाषे’ने कमी इष्ट, आणि ‘अन्यतरस्याम्’ने समान दर्जाचा विकल्प सूचित होतो. हे मत सर्वमान्य आहे असे नाही; परंतु ज्या गरजेवर ते बोट ठेवते ती गरज खरी आहे. नियम शिकणाऱ्याला संभव कोणता एवढेच नव्हे, तर प्रशस्त कोणता हेही सांगावे लागते. ‘टीएलडीआर पेजेस’ या सामाईक उपक्रमात एका आज्ञेसाठी जास्तीत जास्त आठ उदाहरणे देण्याचे बंधन आहे. ते बंधन म्हणजे या गरजेचेच एक व्यावहारिक उत्तर. आठच निवडावयाची म्हटल्यावर प्रशस्ताची निवड आपोआप करावी लागते.

मराठीत मदतपाठ लिहू पाहणाऱ्यापुढे आणखी एक पेच उभा राहतो. इंग्रजीत ‘अ‍ॅड’ हे रूप धातूचे नाव म्हणूनही चालते आणि आज्ञा म्हणूनही. मराठीला निवड करावीच लागते. ‘जोडणे’ म्हटले तर ती कोशातील नोंद झाली, ‘जोडा’ म्हटले तर वाचकाला केलेली सूचना. ‘जोडते’ म्हटले तर आज्ञा स्वतःविषयी बोलू लागते आणि तिला लिंगही प्राप्त होते. एकाच पाठात ही तिन्ही रूपे मिसळली, की कृती कोणी करावयाची, वाचकाने की यंत्राने, हे कळेनासे होते. माझ्या मते एक-ओळी वर्णनात ‘-णे’, कृतीच्या पायऱ्यांत ‘-आ’, आणि यंत्र आपण होऊन जे करते त्यासाठी वर्तमानकाळ, असा विभाग कटाक्षाने पाळावा.

४

आता मांडणी-टिपणाकडे वळू. येथे प्रस्तुत लेखकाला स्वतःचाच एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सामाईक शब्दसंग्रहाच्या कामासाठी मी असे टिपण लिहिले होते. फाइलींची नावे देवनागरीत होती. संग्रह उतरवून घ्या, एक फाइल बदला, ‘गिट स्टेटस’ देऊन स्थिती पाहा, इतक्या पायऱ्या मी नोंदवल्या होत्या. एका विद्यार्थिनीने त्या बिनचूक केल्या. पण तिच्यासमोर फाइलीच्या नावाऐवजी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ अशा अंकांची लांबच लांब माळ आली. आपल्या हातून फाइली बिघडल्या असे समजून तिने संग्रह तीनदा पुसून पुन्हा उतरवला, आणि मग पंधरा दिवस संकोचाने काही कळवलेच नाही.

फाइली मुळीच बिघडलेल्या नव्हत्या. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांत साठवले जाते, आणि ‘क्वोटपाथ’ ही मांडणी मुळात चालू असल्यामुळे गिट असे प्रत्येक बाइट अष्टमान अंकांत छापतो. ती मांडणी एका आज्ञेने बंद करता येते. माझ्या संगणकावर ती केव्हाच बंद होती, म्हणून मला ती दिसली नाही, आणि दिसली नाही म्हणून टिपणात आली नाही. मांडणी-टिपणाचा हा मूलगत दोष आहे : लेखकाचा स्वतःचा संगणक लेखकाला अदृश्य असतो. मातृभाषकाला आपल्या भाषेचे नियम दिसत नाहीत, हे आपण वर्गात शिकवतो. तोच न्याय येथे लागू पडतो.

मराठी संग्रहापुरत्या अशा आणखी काही गोष्टी टिपणात आल्याच पाहिजेत. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ साली आले. त्यापूर्वी आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले गेले. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला भिन्न. आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची रीतही त्यांना एक करीत नाही. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त करून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. एकाने एक व दुसऱ्याने दुसरी रीत वापरली, तर शोधात अर्धेच शब्द सापडतात आणि वारंवारतेची गणना खोटी ठरते. ओळीच्या अखेरीचे चिन्ह विंडोजवर व लिनक्सवर भिन्न असल्याने, रिपॉझिटरीत नियम नोंदवलेला नसेल तर, एक शब्द बदलला असता सारी फाइल बदलल्याचे दिसते. कमांड-लाइनवरील एका रेघेचा ‘एच’ जागच्या जागी थोडक्यात मदत देतो. दोन रेघांचा ‘हेल्प’ विंडोजवर एरव्ही ब्राउझरची खिडकी उघडतो. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. पण खिडकी अवचित उघडलेल्या नवागताला ती तशी वाटत नाही.

चांगल्या मदतीचा एक नमुना आपल्याच शास्त्रात उपलब्ध आहे. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या प्रकल्पाची पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मराठीचाही, पाचशेहून कमी वाक्यांचा का होईना, एक संग्रह आहे. दहा रकान्यांत लिहिलेले वाक्य तपासणारे त्यांचे साधन पाच पातळ्यांवर परीक्षा घेते, आणि दोष आढळला असता ओळ कोणती, वाक्य कोणते, पातळी कोणती व दोषाची जात कोणती हे सांगते. चूक झाली त्याच क्षणी आणि चुकीच्याच जागी मिळालेली अशी माहिती विस्तृत प्रकरणाहून अधिक शिकवते.

५

येथे एक आक्षेप संभवतो. ही विद्या शेजारी बसून शिकावयाची. लेखी टिपणाने ती साधत नाही, आणि टिपण फार सोपे केले तर विद्यार्थी परावलंबी होतो. यात तथ्यांश आहे. परंतु शेजारी बसण्याची सोय कोणाला असते? सामाईक रिपॉझिटरीत भाग घेणारे परस्परांना बहुधा भेटत नाहीत. ज्याच्या महाविद्यालयात हे जाणणारा कोणी नाही, ज्याला प्रयोगशाळेतील संगणक दिवसातून तासभर मिळतो, त्याचा गुरू म्हणजे ते टिपणच. मराठीच्या संग्रहाला अशाच ठिकाणची बोली हवी असते, आणि ती बोलणारा माणूसच दाराशी अडतो. मग संग्रहात आपल्यासारख्यांचीच भाषा भरते व तिलाच आपण मराठी म्हणू लागतो.

म्हणून सूचना थोड्या, पण निश्चित कराव्या असे वाटते. प्रत्येक पायरीखाली काय दिसले पाहिजे ते लिहावे. त्याऐवजी काय दिसण्याचा संभव आहे तेही लिहावे. एका वस्तूला एकच नाव द्यावे. टिपणावर तपासणीची तारीख व साधनाची आवृत्ती नोंदवावी. युनिक्स पुस्तिकेतील ‘दोष’ हे शीर्षक आपणही ठेवावे. आणि टिपण प्रसिद्ध करण्यापूर्वी ते एका नवागताच्या हाती देऊन, त्याच्या कोऱ्या संगणकाशेजारी लेखकाने एकही शब्द न बोलता बसावे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने पुढे माझे टिपण याच रीतीने दुरुस्त करून दिले. तिने त्यात अकरा ओळी घातल्या. त्यांपैकी एकही मला स्वतःला सुचली नसती.